पाण्याची ओढ आणि माणसाचा दोष

(हिंगोली येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आमच्या आजच्या विषयाची चिठ्ठी चालकांच्या हाती गेली तेव्हा त्यांनी आम्हांस विचारले, की हिंगोलीत जहाज कोठून आणणार? प्रश्न रास्त आहे. आपल्या कयाधूला पावसाळ्याचे चार दिवस सोडले तर गुडघाभर पाणी नसते. सिद्धेश्वरच्या धरणात मासेमारांच्या होड्या चालतात, ईसापूरच्या जलाशयातही चालतात. त्यापलीकडे आपल्या जिल्ह्यास जहाज ठाऊक नाही. आम्ही स्वतः वयाची पस्तिशी उलटेपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. मोंढ्यात पोती वाहिली, पुढे हमालांची संघटना बांधली, शाळा सातवीपर्यंत. असल्या माणसाने जहाजाच्या चालीवर बोलावे, हे थोडे धाडसाचे आहे हे आम्ही जाणतो.

परंतु वसमतच्या बाजारात जी हळद आपण तोलतो, तिच्यातील काही पोती कंटेनरात बसून न्हावा-शेव्याला जातात व तेथून जहाजात चढतात. आणि हळदीबरोबर आपली पोरेही जातात. उसाच्या टोळीत जातात, पुण्याच्या बांधकामावर जातात, तशी काही बंदरावर ठेकेदाराच्या हाताखाली जातात. अशाच एका पोरामुळे हा विषय आमच्या गळ्यात पडला. तेव्हा आधी ती हकीकत सांगतो आणि मग शास्त्राकडे वळतो.

ही गोष्ट २००६ सालच्या उन्हाळ्यातील. औंढा तालुक्यातील एक तरुण देशाच्या किनाऱ्यावरील एका बंदरात कामाला होता. बंदराचे, ठेकेदाराचे व त्या तरुणाचे नाव आम्ही येथे घेत नाही. जहाज धक्क्याला लागले म्हणजे त्याचे जाड दोर किनाऱ्यावरील लोखंडी खुंट्यांना अडकवावयाचे, सोडावयाचे, पुन्हा दुसऱ्या खुंट्याला लावावयाचे, हे त्या टोळीचे काम. मनगटापेक्षा जाड दोर असतो. एके दुपारी असा एक दोर ताणाखाली तुटला आणि चाबकासारखा उलटून आला. पोराचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

चौकशी झाली. अहवाल तीन पानांचा होता. त्यात लिहिले होते, की दोर तुटल्यावर ज्या पट्ट्यात उलटतो त्या पट्ट्यात कामगार उभा होता. तेथे उभे राहू नये असा फलक लावलेला होता. सबब अपघात कामगाराच्या चुकीने झाला. तो फलक इंग्रजीत होता, हे अहवालात नव्हते.

पोराचा बाप अहवाल घेऊन आमच्याकडे आला. येथे आम्हांस आमचीच चूक कबूल केली पाहिजे. आम्ही तो कागद वाचला आणि आम्हांलाही तो पटला. आम्ही त्या पोराला म्हणालो, "बाबा, नियम मोडला असशील तर आपली बाजू लंगडी आहे. ठेकेदार देतो ते घे." बोलून गेल्यावर आपण काय शब्द वापरला हे ध्यानात आले. पोरगा रागावला नाही. तो इतकेच म्हणाला, "भाऊ, दोर तुटायच्या आधी जहाज मागं सरकलं. मग पुढं वढल्यावानी गेलं. वारं नव्हतं. मागून दुसरं मोठं जहाज चाललं होतं." अहवालात त्या दुसऱ्या जहाजाचे नावही नव्हते.

बांधलेले जहाज आपोआप मागे का सरकेल आणि पुढे का ओढले जाईल? या एका प्रश्नाच्या मागे आम्ही दोन वर्षे लागलो. एका कॉलेजातील पदार्थविज्ञानाच्या गुरुजींनी आम्हांस संध्याकाळी बसवून शिकविले. कोकणातील एका म्हाताऱ्या सारंगाने, ज्याने उभा जन्म टगवर काढला होता, पुस्तकात नाही ते सांगितले. त्या दोघांकडून जे कळले तेच आज आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट अशी. आपल्या हातात कार्यक्रमाची पत्रिका आहे. अशा दोन पत्रिका उभ्या धरा, मध्ये दोन बोटांचे अंतर ठेवा आणि मधल्या फटीत जोराने फुंका. आपल्याला वाटेल, की कागद दूर पळतील. ते दूर जात नाहीत, जवळ येतात. हवा असो वा पाणी, अरुंद जागेतून ते वेगाने धावू लागले की बाजूवरचा त्याचा दाब उतरतो, आणि बाहेरचा जास्त दाब वस्तूला आत ढकलतो. डॅनियल बर्नुली नावाच्या पंडिताने १७३८ साली आपल्या ग्रंथात या नियमाचा पाया घातला. सायकलवरून जाताना शेजारून भरधाव ट्रक गेला की आपण ट्रकच्या बाजूला ओढले जातो, हा अनुभव येथे बसलेल्या पुष्कळांना असेल. फलाटाच्या काठावर उभे राहू नका असे रेल्वेवाले ओरडतात त्याचेही एक कारण हेच.

आम्ही हा प्रयोग पाण्यातही करून पाहिला. वसमतकडच्या एका पाटचारीत दोन लाकडी ठोकळे सुतळीने बांधून शेजारी शेजारी सोडले. सुतळी धरून ठेवली, पाणी दोघांच्या मधून वाहू लागले आणि ठोकळे हळूहळू एकमेकांजवळ येऊन भिडले. पाणी वाहते व ठोकळा थांबला, किंवा पाणी थांबले व ठोकळा चालला, परिणाम एकच. जहाज म्हणजे चालणारा ठोकळा.

आता हा ठोकळा उघड्या समुद्रात असेल तर त्याच्या नाळेने बाजूला सारलेले पाणी चहूकडे पसरते व वराम्याच्या मागे पुन्हा मिळते. त्याला जागा पुष्कळ असते. परंतु जहाज जेव्हा खाडीत, कालव्यात किंवा बंदराच्या खोदलेल्या वाटेत शिरते तेव्हा खाली तळ जवळ, बाजूला काठ जवळ. जितके पाणी जहाज सारते तितके त्या चिंचोळ्या जागेतूनच मागे गेले पाहिजे. म्हणून ते धावते. धावले की दाब उतरतो. येथूनच पुढचे सगळे घोटाळे निघतात.

त्यातील पहिला घोटाळा म्हणजे जहाजाची बसकण. तळ आणि जहाज यांच्या मधून पाणी वेगाने धावते, दाब उतरतो, जहाजाच्या आजूबाजूचे पाणीही थोडे खाली जाते, आणि त्याबरोबर सबंध जहाज खाली बसते. आत एक पोतेही न चढविता ते अधिक बुडते. बॅरस नावाच्या इंग्रज तज्ज्ञाने यासाठी एक सोपे गणित घालून दिले आहे. जहाज किती ठोकळ्यासारखे आहे तो आकडा घ्यावा; तेलवाहू जहाजाला तो सुमारे ०.८ असतो. त्याला गतीच्या वर्गाने गुणावे. उघड्या पण उथळ पाण्यात १०० ने भागावे, अरुंद वाटेत ५० ने भागावे. उत्तर मीटरमध्ये येते. १२ नॉट, म्हणजे ताशी २२ किलोमीटर गती असेल तर उघड्या उथळ पाण्यात बसकण सुमारे १.१५ मीटर, अरुंद वाटेत २.३ मीटर. आता गती निम्मी करा, ६ नॉट. बसकण निम्मी होत नाही, चौथाई होते: अरुंद वाटेत साधारण ५८ सेंटिमीटर. हा वर्गाचा हिशेब आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढे तो आपल्या पोराच्या पायापर्यंत येणार आहे.

ही बसकण पुस्तकातली नव्हे. ७ ऑगस्ट १९९२ रोजी 'क्वीन एलिझाबेथ २' हे जगप्रसिद्ध प्रवासी जहाज अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळ खडकावर घासले. नकाशात त्या जागी ३९ फूट पाणी दाखविले होते. जहाज ३२ फुटांच्या थोडे वर बुडालेले होते. गती २५ नॉटच्या आसपास होती. नकाशातला आकडा फार जुन्या मोजणीचा होता, खडक प्रत्यक्षात अधिक उथळ निघाले, हे खरे. परंतु त्या गतीला जहाज किती खाली बसेल याची पुरती माहिती जहाजावर नव्हती, हेही अमेरिकेच्या चौकशी मंडळाने नमूद केले. एवढे मोठे जहाज, एवढे शिकलेले अधिकारी, आणि तरी पाण्याचा हा स्वभाव त्यांच्या हिशेबात पुरा आला नाही.

दुसरा घोटाळा काठाचा. जहाज वाटेच्या मधोमध असेल तर दोन्ही बाजूंचे पाणी सारखे धावते. ते एका काठाकडे झुकले की त्या बाजूची फट अरुंद होते, पाणी तेथे जोराने धावते आणि वरामा काठाकडे ओढला जातो. नाळेच्या पुढे मात्र पाणी तुंबते व ते नाळेला काठापासून दूर लोटते. म्हणजे मागचा भाग काठाकडे, तोंड दुसऱ्या काठाकडे, असे जहाज आडवे होऊ लागते. सुकाणू धरणारा घाबरून यंत्राचा जोर वाढवितो. जोर वाढला की पाणी अधिक धावते आणि ओढ अधिक होते.

२३ मार्च २०२१ रोजी सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' आडवे झाले ते आपण सर्वांनी चित्रात पाहिले आहे. ४०० मीटर लांब, जवळपास ५९ मीटर रुंद असे ते जहाज. वाळूचे वादळ होते, वारा जोराचा होता, गतीही कालव्याच्या मर्यादेहून जास्त होती. या साऱ्यांत काठाच्या ओढीचाही वाटा असावा, असे पुष्कळ जाणकारांनी सांगितले. सहा दिवस जगाचा व्यापार तुंबला. कोट्यवधींच्या नुकसानीची चर्चा झाली. त्या जहाजावर २५ खलाशी होते व ते सारे भारतीय होते, याची चर्चा त्या मानाने थोडी झाली. भरपाईचा तंटा मिटेपर्यंत, म्हणजे ७ जुलैपर्यंत, जहाज मिसरात अडकवून ठेवण्यात आले. मालकाने भरावयाच्या पैशाच्या वादात पगारदार खलाशी तेथे जखडले गेले. बंधूंनो, आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाचे लक्ष अशा ठिकाणी आधी जाते. तो आमचा स्वभावदोष समजावा.

तिसरा घोटाळा दोन जहाजांचा. वर सांगितलेल्या दोन ठोकळ्यांसारखी दोन जहाजे शेजारून चालली तर एकमेकांना ओढतात, आणि मोठे जहाज लहान्याला अधिक ओढते. २० सप्टेंबर १९११ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, सोलेंट नावाच्या चिंचोळ्या पाण्यात, 'ऑलिंपिक' हे प्रचंड प्रवासी जहाज आणि 'हॉक' ही लढाऊ नौका समांतर चालल्या होत्या. हॉक एकाएकी वळली आणि ऑलिंपिकच्या मागच्या बाजूस जाऊन आदळली. सुदैवाने कोणी दगावले नाही. कोर्टात प्रश्न आला, की हॉकच्या सुकाणूवाल्याने चूक केली की पाण्याने नौका ओढली? लहान प्रतिकृतींवर केलेल्या प्रयोगांचा पुरावा पुढे आला आणि ओढीचे म्हणणे मान्य झाले. फार जवळून गेल्याबद्दल दोष ऑलिंपिककडे गेला. तथापि त्या पाण्यात पायलट घेणे कायद्याने सक्तीचे होते, म्हणून ऑलिंपिकच्या मालकांना भरपाई द्यावी लागली नाही. शास्त्र कळले तरी जबाबदारी कोणाच्या दारात उतरते हा प्रश्न निराळाच असतो, हे आम्ही या खटल्यावरून शिकलो.

टगवरच्या माणसांना ही ओढ रोज भोगावी लागते. मोठ्या जहाजाच्या नाळेजवळ टग दोर घ्यायला जातो तेव्हा एका जागी पाणी त्याला बाहेर लोटते आणि दोन हात पुढेमागे झाले की आत खेचते. म्हातारे सारंग सांगत होते, "जहाजाच्या गालाला लागायचं असेल तर ते आधी धीमं झालं पाहिजे. धीमं होत नसेल तर दोर घेऊ नये." पुस्तकात याला चार पाने लागतात.

मुंबई बंदराची इंदिरा गोदी याचे आणखी एक रूप दाखविते. १९१४ साली ती अलेक्झांड्रा गोदी म्हणून सुरू झाली. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांत साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो. गोदीतील पाणी एका पातळीवर राहावे म्हणून तोंडाशी दोन दरवाज्यांची कोठडी, ज्याला लॉक म्हणतात, बांधलेली आहे. तिची लांबी साडेसातशे फूट, रुंदी शंभर फूट. असल्या कोठडीत रुंद जहाज शिरते तेव्हा ते पिचकारीतल्या दट्ट्यासारखे असते. पुढचे पाणी कोंडले जाते, त्याला मागे यायला बाजूची बारीक फट तेवढी राहते. जहाज अडते. अडले म्हणून यंत्राचा जोर द्यावा तर पाणी वाट काढते आणि जहाज एकदम पुढे उसळते. म्हणून तेथे घाई चालत नाही.

न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. मोठी जहाजे यावीत म्हणून तेथली वाट दोन टप्प्यांत खोल करण्यात आली, आणि भरतीचा फायदा घेऊन १५ मीटर बुडणारी जहाजे आत आणण्याची सोय झाली. मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची जहाजे समुद्राकडून एकाच वाटेने येतात. त्या वाटेवर गर्दी काय करू शकते ते ७ ऑगस्ट २०१० रोजी दिसले. 'एमएससी चित्रा' बाहेर निघाले होते, 'खलिजिया ३' आत येत होते. दोघांची टक्कर झाली, कंटेनर पाण्यात पडले, शेकडो टन तेल सांडले, अनेक दिवस वाहतूक बंद राहिली. ती टक्कर पाण्याच्या ओढीने झाली असे आमचे म्हणणे नाही. एवढ्या चिंचोळ्या जागेत एक चूक झाली तर ती सावरावयास अवकाश उरत नाही, हे सांगण्यासाठी तिचा उल्लेख केला.

आता कोणी म्हणेल, की हे सारे आधी कसे कळावे? कळते. आणि ते कळविणारी मोठी संस्था आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळ खडकवासल्याला आहे. केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र असे तिचे नाव. १९१६ साली मुंबई इलाख्याने पाटबंधाऱ्यांच्या कामासाठी तिचा आरंभ केला. तेथे बंदरांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत भरती-ओहोटी खेळवितात, आणि जहाज या वाटेने वळेल की नाही हे संगणकावर आधीच चालवून पाहतात. विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनियरने एकोणिसाव्या शतकात प्रतिकृतीचा नियम दाखवून दिला: जहाज शंभर पटीने लहान केले तर गती दहा पटीने कमी ठेवावी, म्हणजे लाटांची खरी नक्कल मिळते. धरणातले पाणी आपल्या शेतात आणणारे शास्त्र आणि जहाज धक्क्याला लावणारे शास्त्र अशी सख्खी भावंडे आहेत, आणि एकाच छपराखाली नांदतात.

आता आपण त्या पोराकडे परत जाऊ.

धक्क्याला बांधलेले जहाज उभे आहे. मागच्या वाटेने दुसरे मोठे जहाज चालले आहे. चालत्या जहाजाच्या मध्यभागी दोन्ही बाजूंना दाब उतरलेला असतो, म्हणजे ते आपल्याबरोबर पाण्याचा एक खळगा घेऊन चाललेले असते. हा खळगा बांधलेल्या जहाजाच्या मागच्या टोकाशी आला की जहाज मागे ओढले जाते. बरोबरीला आला की धक्क्यापासून दूर ओढले जाते. पुढच्या टोकाशी गेला की जहाज पुढे ओढले जाते. एवढे हजारो टनांचे धूड आधी मागे सरकते, मग झोका घेऊन पुढे जाते. आणि तो सारा झोका शेवटी चार-दोन दोरांवर येऊन थांबतो. जो दोर जास्त ताणलेला असेल तो तुटतो.

बंधूंनो, आपल्या पोराने काय सांगितले होते ते आठवा. आधी मागे सरकले, मग पुढे ओढल्यासारखे गेले, वारा नव्हता. शास्त्राच्या पुस्तकात जो क्रम आहे तोच क्रम, एक अक्षर इकडेतिकडे नाही. त्याने बर्नुलीचे नाव ऐकले नव्हते. त्याने पाहिले ते सांगितले, आणि आम्ही त्याचे ऐकण्याऐवजी छापील कागदावर विश्वास ठेवला.

ही ओढसुद्धा गतीच्या वर्गाने वाढते. जाणारे जहाज ८ नॉटऐवजी ४ नॉटने गेले असते तर ओढ चौथाई झाली असती. जरा दूरून गेले असते तर आणखी कमी झाली असती. मग ते तेवढ्या गतीने तेवढ्या जवळून का गेले? त्यात कप्तानाची हौस नसते. भरती निघून जात असते, पुढचा धक्का ठराविक वेळेला मोकळा मिळालेला असतो, आणि जहाजाचा एकेक तास पैशात मोजलेला असतो. कप्तान आणि पायलट हेही नोकरच. तेव्हा आम्ही येथे एका कामगाराचा दोष उचलून दुसऱ्या कामगाराच्या डोक्यावर ठेवीत नाही.

आयुक्तांपुढे प्रकरण चालले. त्या वेळी १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा लागू होता. कामावर अपघात झाला की मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळे, हे त्या कायद्याचे मोठेपण. परंतु मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व नसेल तर मालकाला एक पळवाट होती: कामगाराने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला असे सिद्ध केले की तो सुटे. पाय गेला तरी कायद्याच्या भाषेत ते अंशतः अपंगत्व. म्हणून त्या तीन पानांच्या अहवालाला एवढी किंमत होती.

आमच्या वकिलांनी दोनच प्रश्न विचारले. फलक कोणत्या भाषेत होता? आणि त्या वेळी मागून कोणते जहाज, किती गतीने, किती अंतरावरून गेले? पहिल्याचे उत्तर मिळाले. दुसऱ्याचे अर्धे मिळाले: जहाज गेले होते हे मान्य झाले, गतीची नोंद कोणी दाखविली नाही. नियम जाणूनबुजून मोडल्याचे सिद्ध होत नाही, असा निकाल झाला आणि भरपाई व्याजासह मंजूर झाली. जहाजाच्या गतीबद्दल निकालात काहीच आले नाही. तो प्रश्न आयुक्तांपुढचा नव्हताच, असे आम्हांस सांगण्यात आले. मग तो कोणापुढचा होता, हे कोणी सांगितले नाही. त्याच धक्क्यावर, त्याच खुंट्यांजवळ, दुसऱ्या जिल्ह्यातील दुसरी पोरे कामाला उभी राहिली.

पूर्वी मुंबईच्या गोदीत रोज सकाळी दाराशी उभे राहून काम मागावे लागे. पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी तेथे संघटना उभी केली. १९४८ चा गोदी कामगारांचा कायदा झाला आणि नोंद, काम, मजुरी यांत काही नियम आला. पुढे कंटेनर आले, माणसे कमी झाली, ठेकेदारी वाढली. १९८६ साली गोदी कामगारांच्या सुरक्षेचा स्वतंत्र कायदा झाला, आता तोही नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. कायद्यांची नावे बदलतात. आमचे मागणे मात्र तीन ओळींचे आहे.

दोर तुटल्याच्या प्रत्येक चौकशीत शेजारून गेलेल्या जहाजाचे नाव, गती आणि अंतर लिहिलेच पाहिजे. आज प्रत्येक मोठ्या जहाजाची जागा आणि गती यंत्रात आपोआप नोंदली जाते, तेव्हा नोंद नाही ही सबब उरलेली नाही. दुसरे, दोर बांधणाऱ्या टोळीला, मग ती ठेक्याची असो वा कायम, तिच्या भाषेत हे शिक्षण मजुरीसकट दिले पाहिजे. आणि मोठे जहाज शेजारून जात असता ताणलेल्या दोराजवळ काम थांबविण्याचा हक्क टोळीच्या मुकादमाला असला पाहिजे. तिसरे, अपघात झाला की साहेबाचा अहवाल लिहिण्याआधी, जो जागेवर होता त्याचा जबाब त्याच्याच शब्दांत लिहून घेतला पाहिजे.

यावर कोणी म्हणतील, की हे बंदराचे प्रश्न, हिंगोलीने त्यात का पडावे? आमचे उत्तर असे, की उसाच्या फडात, गिरणीच्या पट्ट्याजवळ, हळद शिजविण्याच्या कढईपाशी आणि पॉलिशच्या ढोलाजवळ जे अपघात होतात त्यांचेही कागद असेच लिहिले जातात. "निष्काळजीपणा" हा शब्द लिहायला एक ओळ पुरते. ज्या शक्तीने पट्टा तुटला, ढोल उलटला, दोर सुटला, ती समजून घ्यायला अभ्यास लागतो. तो अभ्यास मालक आपल्यासाठी करणार नाही. शाळा सुटली म्हणून आपला सुटला आहे असेही नाही. आम्हांस वर्ग म्हणजे काय हे चाळिशीच्या उंबरठ्यावर कळले, आणि त्याचा उपयोग झाला.

तो पोरगा आता बाप झाला आहे. आज तो सभेला यावयाचा होता. परंतु घरी हळद वाळत पडली आहे आणि आभाळ येऊन-जाऊन आहे, म्हणून राहिला. सकाळी आम्ही त्याच्याकडे गेलो आणि तुझी गोष्ट सांगू का, असे विचारले. तो म्हणाला, "सांगा, भाऊ. पण जहाज आधी मागं सरकलं होतं, ते विसरू नका."

आम्ही विसरलो नाही.